नारळीकरांची आठवण नागपूरनं कशी जपावी

२० मे २०२५ रोजी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. पुढचे कित्येक दिवस मराठीत त्यांच्यावर भरभरून लिहिलं गेलं. केंब्रिज आलं, त्यांचे गुरू फ्रेड हॉईल आले, वयाच्या सव्विसाव्या वर्षी मिळालेलं पद्मभूषण आलं, विज्ञानकथा आल्या. संचालक नारळीकर मात्र बहुतेक ठिकाणी एका वाक्यात आटोपले: ‘पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली.’ कशी उभारली, तिथं कुणाला आत घेतलं, कुणाच्या पत्राला उत्तर दिलं, हे त्या वाक्यात मावत नाही. आणि आपल्या उपयोगाचं नेमकं तेच आहे.

गुरुत्वाकर्षणाचा हॉईल-नारळीकर सिद्धांत मांडणारी बुद्धी नागपूरला उसनी आणता येणार नाही. संस्था चालवायची त्यांची रीत मात्र आणता येते, कारण तिच्यात गूढ काही नाही. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, खर्चाचं शीर्ष ठरलेलं, जबाबदार माणूस ठरलेला. १९८८ पासून २००३ पर्यंत ते आयुकाचे संस्थापक संचालक होते. त्या काळात तिथं ज्या सवयी रुजल्या, त्यांतल्या तीन नागपूरच्या राष्ट्रीय संस्थांनी उचलाव्यात, आणि नारळीकरांचं स्मरण म्हणून उचलाव्यात. रस्त्याला नाव देणं, सभागृहात तैलचित्र लावणं हे सोपं आहे. पण ज्या माणसानं मुलांना प्रश्न विचारायला लावलं, त्याची आठवण भिंतीवर कशी टांगणार?

पहिल्यांदा आपल्याकडे काय आहे ते पाहू. १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था नागपुरात सुरू झाली. १९७४ पासून तिला आपण नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणून ओळखतो. केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथं आहे, मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजनाचं राष्ट्रीय मुख्यालय इथं आहे, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था इथं आहे, भारतीय खाण ब्यूरो आहे, अॅल्युमिनियमवर काम करणारं संशोधन केंद्र आहे. पाणी, माती, कापूस, संत्रं, दगड आणि धातू. विदर्भातल्या पोराच्या रोजच्या पायाखालच्या, हाताखालच्या गोष्टी. आयुकाचा विषय होता दीर्घिका आणि कृष्णविवरं, ज्यांना हात लावता येत नाही. तरी त्या संस्थेशी पुण्यातल्या शाळकरी मुलांचं नातं जुळलं. मग काळ्या मातीचं ढेकूळ ज्याच्या टेबलावर आहे त्याला हे अवघड का जावं?

पहिली सवय पोस्टकार्डाची. स्वाक्षरीसाठी मुलं नारळीकरांभोवती गराडा घालत. पुढं केलेल्या वहीवर सही करण्याऐवजी ते सांगत, एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, मी उत्तर देईन आणि त्याखाली सही असेल. या साध्या अटीनं काय साधलं ते नीट पाहण्यासारखं आहे. सहीची किंमत एक प्रश्न ठरली. घरी जाऊन विचार करायला वेळ मिळाला. आणि उत्तर द्यायचं बंधन संचालकानं स्वतःवर घालून घेतलं. जाहिरात नाही, समिती नाही, उद्घाटन नाही.

हेच नागपुरात करायचं तर पुढचा तपशील आधी ठरवावा लागेल. शाळेनं मुलामागे दोन कार्डं घ्यावीत, दोन्ही मिळून रुपया. एकावर प्रश्न, दुसऱ्यावर मुलाचा स्वतःचा पत्ता पिनकोडसकट. दोन्ही कार्डं एका लिफाफ्यात घालून वर्गाचा गठ्ठा संस्थेकडं. संस्थेत आलेल्या प्रत्येक कार्डाला आवक रजिस्टरमध्ये क्रमांक आणि तारीख पडावी, दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवावा आणि त्याच दिवशी ते कुणाकडं गेलं याची नोंद व्हावी. उत्तर पंधरा दिवसांत, हातानं लिहिलेलं, मुलानं ज्या भाषेत विचारलं त्या भाषेत. उत्तर ठाऊक नसेल तर तसं लिहावं आणि ते कसं शोधता येईल हे दोन ओळींत सांगावं. ‘पाठ्यपुस्तक पाहा’ हे उत्तर चालणार नाही.

बिघडतं कुठं? पहिल्यांदा शाळेत. गुरुजी फळ्यावर एक प्रश्न लिहितात आणि चाळीस मुलं तोच उतरवतात: ‘गुरुत्वाकर्षण म्हणजे काय?’ अशा गठ्ठ्याला उत्तर देताना दहाव्या कार्डाला शास्त्रज्ञ कंटाळतो आणि योजना तिथंच मरते. म्हणून शाळेला एकच सूचना द्यावी, मुलानं स्वतः पाहिलेली गोष्ट आधी लिहावी आणि मग प्रश्न. ‘आमच्या विहिरीचं पाणी तापवलं की भांड्याला पांढरं बसतं, नळाच्या पाण्याचं तेवढं बसत नाही. का?’ हा प्रश्न कुणी फळ्यावर लिहून देऊ शकत नाही. दुसरा बिघाड संस्थेत. कार्डं जनसंपर्क कक्षाकडं जातात, तिथून छापील माहितीपत्रक उत्तर म्हणून निघतं आणि मुलाला कळतं की आपला प्रश्न कुणी वाचलाच नाही. म्हणून कार्ड थेट त्या विषयाच्या माणसाकडं जायला हवं, आणि दर आठवड्याला निदान पाच कार्डं संचालकांच्या टेबलावर. बाकी किरकोळ आहे. शिसपेन्सिलीनं लिहिलेलं पुसतं, शाईपेनानं लिहिलेलं पावसात पसरतं, बॉलपेन बरं.

वेळ कुणाकडं आहे, असं विचारलं जाईलच. आठवड्याला चाळीस कार्डं आली आणि एकेका उत्तराला पंधरा मिनिटं लागली तर दहा तास होतात. वीस जणांनी वाटून घेतले तर प्रत्येकी अर्धा तास. व्हॉट्सअॅप का नको, हाही प्रश्न येईल. फोन बापाचा असतो, तो दिवसभर बापाबरोबर शेतात असतो, आणि आलेलं उत्तर संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या ढिगाखाली जातं. कार्ड मुलाच्या नावावर येतं. ते पोस्टमन आणून देतो, घरात सगळे वाचतात, आणि ते दप्तरात राहतं.

दुसरी सवय दुसऱ्या शनिवारची. आयुकात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यान होऊ लागलं. वर्षातून एकदा राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला, फाटक उघडायचं आणि मग वर्षभर बंद, यापेक्षा हे वेगळं आहे. एका दिवसाच्या जत्रेत मुलं दालनामागून दालन पाहत पुढं ढकलली जातात, शास्त्रज्ञ तेच वाक्य पन्नास वेळा बोलून थकतो, आणि प्रश्न विचारायला उभं राहिलेलं मूल मागच्या रांगेला अडसर होतं. शिवाय फेब्रुवारीचा शेवट म्हणजे दहावीच्या परीक्षेचे दिवस. ज्यांच्यासाठी हे करायचं त्यांतली अर्धी मुलं घरी उजळणी करत असतात.

पण पुण्याचं वेळापत्रक जसंच्या तसं उचललं तर ते नागपुरात फसेल. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे पहिला शनिवार जुलैतला. दिवाळीच्या सुट्टीत एक जातो. मार्चपासून ऊन आणि परीक्षा. हाती राहतात सहा-सात शनिवार, तेवढेच जाहीर करावेत आणि तेवढे न चुकता पाळावेत. शनिवारी बऱ्याच शाळा सकाळच्या असतात, म्हणून दहाचं व्याख्यान ठेवलं तर एकही जिल्हा परिषदेची शाळा येणार नाही. रामटेक, उमरेड, काटोलकडून बस यायला तास-दीड तास लागतो. तेव्हा दीड वाजता सुरुवात, तीनला शेवट. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याआधी मुलं गावाच्या वाटेला लागलेली असतात. डबा खायला सावली आणि मुबलक पाणी हवं, मुलींसाठी स्वच्छ संडास हवेत. हे शेवटचं वाक्य नियोजनाच्या बैठकीत कुणी उच्चारत नाही आणि पुढच्या वर्षी त्या शाळेतून फक्त मुलगे येतात.

केंद्र सरकारच्या संस्थांना शनिवारी सुट्टी असते हीही खरी अडचण आहे. कॅन्टीन बंद, प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडं तरी, फाटकावर ज्याच्याकडं यादी पोचलीच नाही असा सुरक्षारक्षक. यावर उपाय एकच, त्या शनिवारी येणाऱ्या प्रत्येकाला बदली रजा लेखी मंजूर करायची, शिपायापासून. ज्याला कुणी रजा देत नाही तो चौथ्या महिन्यात किल्ली आणायला विसरतो, आणि त्यात त्याची चूक नसते. शाळांची यादी गुरुवारपर्यंत फाटकावर. दर वीस मुलांमागे एक शिक्षक. पन्नास शास्त्रज्ञांची संस्था धरली आणि दर शनिवारी एकाची पाळी लावली, तरी एकाला सात-आठ वर्षांतून एकदा बोलावं लागतं. हा भार म्हणता येईल का?

आणि दाखवायचं काय? इथंच नागपूरच्या संस्थांचं बळ आहे. पडद्यावरच्या चित्रफितीला बाजूला ठेवून पाण्याच्या कामातला रोजचा प्रयोग मुलांसमोर मांडावा: जार टेस्ट. एक लिटरचे सहा पारदर्शक बीकर, सहा पाती एकाच मोटरवर फिरणारी. सगळ्यांत पावसाळ्यातलं कन्हान नदीचं गढूळ पाणी. दहा ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवली की त्या द्रावणाच्या एका मिलीलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम तुरटी येते. पहिल्या बीकरमध्ये एक मिली, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. म्हणजे लिटरला १० पासून ६० मिलिग्रॅम. मिनिटाला शंभर फेऱ्यांनी एक मिनिट जोरात ढवळायचं, तुरटी सगळीकडं पसरते. मग वेग तीस फेऱ्यांवर आणून पंधरा मिनिटं. आणि आता बघत राहायचं.

पाच-सात मिनिटांत एखाद्या बीकरमध्ये पाणी दाणेदार दिसू लागतं. मग त्या दाण्यांचे पुंजके होतात, पिंजलेल्या कापसासारखे, सावकाश फिरणारे. शेजारच्या बीकरमध्ये अजून काहीच नाही. पाती थांबली की पुंजके खाली बसू लागतात आणि वरून काचेसारख्या स्वच्छ पाण्याचा थर उतरत येतो. अर्धा तास थांबायचं. त्या आधी मुलांकडून पैज लावून घ्यावी, कोणता बीकर सगळ्यात स्वच्छ होईल? बहुतेक मुलं सहावा सांगतात, कारण त्यात तुरटी जास्त. पुष्कळदा मधलाच जिंकतो. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो म्हणून ते एकमेकांपासून दूर राहतात. तुरटी तो भार मारते आणि कण एकमेकांना चिकटतात. तुरटी फाजील झाली की कणांवर उलटा भार बसतो आणि ते पुन्हा वेगळे राहू लागतात. शिवाय तुरटी पाण्यातली अल्कता, म्हणजे आम्ल सोसून घेण्याची ताकद, खाते. ती संपली की पाणी आम्लाकडं झुकतं आणि पुंजके धरतच नाहीत; मग चिमूटभर चुना लागतो. फार जोरात ढवळलं तर धरलेले पुंजके तुटतात, फार हळू ढवळलं तर कणांची गाठच पडत नाही.

यंत्र नसेल तर सहा काचेचे पेले, सहा चमचे आणि सहा मुलं पुरतात. शाळेत परत जाऊन गावच्या नाल्याच्या पाण्यावर हाच प्रयोग करता येतो. आणि शेवटी शास्त्रज्ञानं एक गोष्ट ठासून सांगावी, की स्वच्छ दिसणारं पाणी पिण्यालायक झालेलं नाही. क्लोरीन घालून अर्धा तास ठेवल्यावर लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, मग प्यायचं. एवढं एका शनिवारी झालं तर पुरे. पुढच्या महिन्यात माती, त्यापुढच्या महिन्यात बोंडअळी भिंगाखाली. मातीला तर पैसाही लागत नाही: उभ्या बाटलीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवायचं, वाळू मिनिटभरात तळाला जाते, गाळ काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाण्यात तरंगत असते. ‘भारी जमीन’ म्हणजे काय ते त्या बाटलीत दिसतं.

‘रामन विज्ञान केंद्र आहेच की’, असं कुणी म्हणेल. ते आहे आणि उत्तम आहे. अर्थखात्याच्या नोकरीत असताना रामन काही काळ नागपुरात होते, त्यांचं नाव त्या केंद्राला शोभतं. पण तिथं मुलाला विज्ञान भेटतं, विज्ञान करणारा माणूस भेटत नाही. नारळीकरांनी हा फरक ओळखला होता. आयुकाच्या आवारात पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून मुलांसाठी ‘मुक्तांगण’ ही विज्ञान शोधिका उभी राहिली, इमारतीला ‘पुलस्त्य’ नाव दिलं, सप्तर्षींतला एक तारा आणि पुलंची आठवण दोन्ही त्यात. ती इमारत आवाराच्या आत आहे. मुलं आणि खगोलशास्त्रज्ञ एकाच वाटेनं चालतात.

नीरी जिच्या छत्राखाली येते त्या सीएसआयआरनं, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, २०१७ मध्ये ‘जिज्ञासा’ हा उपक्रम काढला आणि शास्त्रज्ञांना शाळांशी जोडलं, हे चांगलं पाऊल आहे. सुरुवात केंद्रीय विद्यालयांपासून झाली. आता आग्रह धरायचा तो पारशिवनी, कुही, भिवापूरच्या शाळांचा, ज्यांच्याकडं बस ठरवायला पैसे नसतात. डिझेलचा खर्च संस्थेनं उचलावा. नुसतं निमंत्रण धाडून ‘शाळांचा प्रतिसाद नाही’ असा शेरा मारू नये.

तिसरी सवय कमी दिसते, पण मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. आयुका ही विद्यापीठ अनुदान आयोगाची संस्था. भौतिकशास्त्रज्ञ यशपाल आयोगाचे अध्यक्ष असताना तिची कल्पना आकाराला आली. देशभरच्या विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांना तिथं तीन वर्षांसाठी सहयोगी म्हणून नेमत. त्यांनी सुट्टीत यायचं, राहायचं, ग्रंथालय आणि संगणक वापरायचे, तिथल्या माणसांबरोबर काम करायचं आणि आपल्या गावी परतून शिकवायचं. प्रवास आणि राहण्याचा भार संस्थेवर. छोट्या गावातल्या महाविद्यालयात एकटा पडलेला शिक्षक संशोधनात टिकला तो या व्यवस्थेमुळं.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ इथल्या रसायनशास्त्राच्या, वनस्पतिशास्त्राच्या, भूगर्भशास्त्राच्या किती प्राध्यापकांना नागपूरच्या संस्थांत अशी हक्काची खुर्ची आहे? नमुने पैसे भरून तपासून घेता येतात, पण तो गिऱ्हाइकाचा व्यवहार झाला. सहयोगी नेमायचा तर त्याला तीन वर्षांचं ओळखपत्र एकदाच द्यावं, नाहीतर दोन आठवड्यांच्या मुक्कामातले पाच दिवस फाटकावरच्या पासात जातात. यंत्राच्या वापराचे ठरावीक तास वर्षाच्या सुरुवातीला त्याच्या नावावर लिहावेत. ज्याच्याबरोबर काम करायचं त्या शास्त्रज्ञाचं नाव नेमणुकीच्या पत्रातच असावं. ‘संबंधित विभागाशी संपर्क साधावा’ असं लिहिलं की समजावं, कुणीच जबाबदार नाही. ग्रंथालय आणि खानावळ दिवाळीच्या सुट्टीत उघडी हवी, कारण शिक्षक तेव्हाच येणार. आणि संचालकानं त्या शिक्षकाच्या प्राचार्यांना स्वतः पत्र लिहावं, कारण रजेचा अर्ज तिथंच अडतो.

या सगळ्यावर खरा आक्षेप एकच आहे. शास्त्रज्ञाची बढती शोधनिबंध, पेटंटं आणि आणलेला निधी यांवर ठरते. कार्डाला दिलेल्या उत्तराला गुण नाहीत, शनिवारच्या तासाला नाहीत. तरुण शास्त्रज्ञ सुट्टीचा दिवस का घालवेल? आक्षेप बरोबर आहे आणि त्याचं उत्तर खालून येऊ शकत नाही. वार्षिक मूल्यमापनाच्या प्रपत्रात या कामाचा रकाना हवा आणि तो रिकामा असेल तर संचालकानं विचारायला हवं. पण त्याच्याही आधी संचालकानं स्वतः शनिवारी उभं राहायला हवं. आयुकात हे टिकलं, कारण विश्वशास्त्रात जगभर नाव असलेला माणूस शाळकरी मुलाच्या कार्डावर स्वतः उत्तर लिहीत होता. संचालकाला ज्याचा कमीपणा वाटत नाही, त्याचा कनिष्ठाला वाटायचं कारण उरत नाही. आणि संशोधनाचं नुकसान होईल ही भीती आयुकानं खोटी ठरवली, हे तर सगळ्यांसमोर आहे.

समजा, चंद्रपूर किंवा यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या गावाहून एक कार्ड आलं. ‘आमच्या गावातल्या पुष्कळ मुलांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. घासून जात नाहीत. शेजारच्या गावात नाहीत. का?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला नागपूरइतकं योग्य शहर देशात दुसरं नाही. पाण्यातलं फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत इथंच विकसित झाली. उत्तरात लिहावं की गावच्या बोअरचं पाणी आधी तपासून घ्या; लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दीडच्या वर पिऊ नये. जास्त निघालं आणि जवळ दुसरी चांगली विहीर असेल तर पिण्यापुरतं तिथलं पाणी आणा, तोच सगळ्यात सोपा मार्ग. नसेल तर तळापासून चार बोटं वर तोटी बसवलेली बादली घ्या. पाण्यात तुरटी, तिच्या विसाव्या भागाइतका चुना आणि जरासं ब्लीचिंग पावडर घालून दहा मिनिटं सावकाश ढवळा, तासभर ठेवा आणि तोटीनं पाणी काढा, गाळ खालीच राहील. तुरटी किती, हे मात्र अंदाजानं ठरवू नका. ते फ्लोराइड आणि अल्कता मोजून ठरतं. कमी पडली तर फ्लोराइड राहतं, जास्त झाली तर पाण्यात अॅल्युमिनियम राहतं. म्हणून पाण्याची एक लिटरची बाटली भरून, वर गावाचं नाव आणि तारीख लिहून, पुढच्या दुसऱ्या शनिवारी गुरुजींबरोबर घेऊन ये.

एवढं एका कार्डावर बसणार नाही. दोन लागतील. दुसऱ्या कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात सहीपुरती जागा सोडावी आणि ती संचालकांपुढं ठेवावीत.